चांदव्याची चाल

एका तळ्याकाठच्या गावात सटवाजी नावाचा एक भोई होता. नाव वल्हवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. त्याची नाव निघाली की काठावरची माणसं म्हणत, "बघा, वारा निघाला!" सटवाजीला ते फार गोड लागे. काम नसलं तरी तो तळ्याला एखादी फेरी मारून येई.

पौषाच्या कडाक्यात त्याच्या बायकोला, गोदूला, मुलगी झाली. पोर नाकीडोळी नीटस, पण गोदूला दूधच येईना. शेजारची बाळंतीण आपल्या लेकराचं भागवून दोन घोट पाजी, तेवढंच. त्या गावात अशा वेळी बाळंतिणीला चांदव्याचं कालवण देत. चांदवा म्हणजे त्या तळ्यातला चपटा, चंदेरी मासा. थंडीत तो खोल जाई आणि गुंगीत पडून राही. मग जाळ्यात येत नसे. त्याला गळच टाकावा लागे.

सटवाजीनं आठ गळ केले. काठ्या निवडल्या त्या मनगटाएवढ्या जाड, वाकवल्या तरी न वाकणाऱ्या. आठही नावेला बांधल्या आणि वल्हं मारमारून सगळं तळं दोनदा पालथं घातलं. मासा एक नाही. दुसऱ्या दिवशी एक काठी जराशी थरथरली. सटवाजीनं जोरात हिसका दिला. गळ वर आला, तर त्याला माशाच्या ओठाची नुसती साल लटकत होती.

घरी आला तेव्हा पोर रडून रडून थकली होती. तिचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला होता.

सटवाजी तसाच भागूआत्याकडे गेला. आत्या त्याच्या बापाची थोरली बहीण. जन्म गळ टाकण्यात गेलेला, पण आता तिला वल्हं पेलत नसे.

"आत्या, तळ्यात चांदवा उरलाच नाही बघ."

"चांदवा आहे रे बाबा. त्याच्यापाशी थांबतोस कुठं तू?" आत्या म्हणाली. मग त्याच्या काठ्यांकडे बघून तिला हसू आलं. "ह्या मासे धरायला आणल्यास, का म्हशी बांधायला? अरे, चांदव्याचं तोंड कुजलेल्या पिंपळपानासारखं असतं. ताठ काठीनं फाटणारच ते."

तिनं आढ्याला अडकवलेल्या आपल्या बारीक वेळूच्या काठ्या काढल्या. नुसत्या श्वासानं त्यांची टोकं डुलत होती.

"लांब काठ्या कडेला बांध, आखूड मधे. म्हणजे दोर एकमेकांत गुंतत नाहीत. आणि आठही गळ वेगवेगळ्या खोलीवर सोड. मासा कुठं निजलाय ते तुला-मला काय ठाऊक? तोच सांगेल."

"आणि वल्हं कसं मारू?"

"निजलेल्या पोराचा पाळणा हलवतात ना, तसं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं निघाली. तळ्यावर दाट धुकं होतं. काठ दिसेना, झाडं दिसेनात. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं, कळेना. आठ काठ्या उघडलेल्या पंख्यासारख्या नावेपुढे पसरल्या होत्या आणि त्यांचे दोर सरळ खाली, न दिसणाऱ्या पाण्यात गेले होते. वल्ह्यावरून थेंब पडे, तेवढाच आवाज. सटवाजीला वाटलं, आपण तळ्यावर नाहीच, कुणाच्या तरी झोपेतून हळूहळू चाललो आहोत.

मग उन्हं आली. धुकं विरलं. शेजारून मल्हारी भोई आपली नाव सपासप वल्हवत पुढे गेला. "काय रे वाऱ्या, पडलास होय?" तो ओरडला. काठावर धुणं धुणाऱ्या बायाही हसल्या.

सटवाजीचे कान तापले. मूठ वल्ह्यावर आवळली. त्यानं एकच जोराचा हात मारला आणि नाव उसळली. तशी सरळ लोंबणारे आठही दोर मागं तिरके झाले. खोल गेलेले गळ वर वर येऊ लागले. आत्या नुसती दोरांकडे बघत राहिली. सटवाजीनंही पाहिलं. त्याच्या कानांत पोरीचा तो बारीक आवाज आला.

त्यानं मूठ सैल केली. मल्हारी लांब गेला, जाऊ दिला. दोर पुन्हा सरळ झाले.

बऱ्याच वेळानं तिसऱ्या काठीनं मान टाकली, बसल्या बसल्या डुलकी यावी तशी.

"हिसका नको," आत्या कुजबुजली. "काठीला वाकू दे."

सटवाजीनं काठी अलगद उचलली. चांदवा वर आला तो जणू झोपेतच.

"किती हात दोर होता?"

"नऊ."

"मग सगळे नऊवर सोड."

दुपारपर्यंत टोपलीत सात चांदवे पडले. दोन शेजारच्या बाळंतिणीकडे गेले, एक आत्याच्या चुलीवर, बाकीचे गोदूला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर पोटभर प्यायली. पिता पिताच तिला झोप लागली, आणि दुधाचा एक थेंब हनुवटीवरून ओघळून गोदूच्या मनगटावर पडला. गोदूनं तो पुसला नाही.

तात्पर्य: ज्याला जवळ आणायचं, त्याच्या चालीनं चालावं, लोकांच्या हसण्यापायी आपली चाल बदलू नये.