विचारण्याआधी

“…म्हणजे विचारण्याआधी तो वरही नव्हता आणि खालीही नव्हता?”

शिरगुप्पे गुरुजींनी हातातली शेंग तशीच धरून विचारलं.

“नव्हता, गुरुजी,” सुमित्रा म्हणाली.

“इलेक्ट्रॉन?”

“इलेक्ट्रॉनच. त्याला एक फिरकी असते. आम्ही यंत्रातून विचारतो, वर की खाली? तो दोन्हींतलं एक सांगतो. तिसरं कधी सांगत नाही. पण विचारण्याआधी त्याचं काहीच ठरलेलं नसतं.”

मे महिन्याची दुपार होती. गडहिंग्लजला गुरुजींच्या अंगणात आंब्याखाली आम्ही तिघं बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. बियाणं यंत्रात घालायचं नाही, दाणा दुखावतो, असा गुरुजींचा नेम. वय चौऱ्याऐंशी, पण दारात आलेल्याच्या पुढ्यात आधी शेंगांचं सूप येतं, मग पाणी.

सुमित्रा नलवडेलाही त्यांनी सोडलं नव्हतं. बाई पुण्याच्या एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख. नुकतंच मोठं पारितोषिक मिळालेलं, पाच वाजता गावात सत्कार, अंगावर कडक इरकल. गुरुजींना सत्काराला न्यायला आली आणि मांडीवर सूप घेऊन बसली. मी तिच्याच वर्गातला. बाजारपेठेत किराणा विकतो.

गुरुजींनी शेंग तिच्यापुढे धरली.

“यात दाणे किती?”

“फोडल्याशिवाय कसं सांगू?”

“झालं तर मग. तुझ्या इलेक्ट्रॉनाचंही तेच. आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच की.”

सुमित्रा हसली. हाच प्रश्न हजारदा ऐकलेल्या माणसाचं ते हसू होतं.

“इथंच सगळे फसतात, गुरुजी. शेंगेत दोन दाणे असले तर ते पहिल्यापासून दोनच असतात. आपल्याला ठाऊक नसतं, पण शेंगेला ठाऊक असतं. इलेक्ट्रॉनाचं तसं नाही. विचारेपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं.”

“कशावरून?”

“एकमेकांशी जुळलेले दोन कण घ्यायचे. लांब लांब पाठवायचे. मग दोघांना वेगवेगळ्या दिशांनी विचारायचं. घरूनच उत्तर ठरवून निघाले असतील, तर त्यांच्या उत्तरांचा मेळ किती बसावा याला एक हद्द आहे. आम्ही मोजलं. मेळ त्या हद्दीपलीकडे जातो. माझी वीस वर्षं या मोजण्यात गेली.”

“म्हणजे घरून ठरवून निघत नाहीत.”

“नाही. निदान माझं मत तसं आहे. भांडणारे अजून भांडतात.”

“भांडू देत,” गुरुजी म्हणाले. “छान आहे… फार छान आहे.”

आणि त्यांनी शेंग फोडली.

सुमित्रानं पदराला हात पुसले.

“आज भाषणात मी तुमचंच सांगणार आहे. कवडशांचं.”

ते मला तोंडपाठ आहे. गुरुजींच्या वर्गात एक उफराटी रीत होती. हात वर करणाऱ्याला ते कधीच विचारत नसत. “तुला येतंय की, बस,” म्हणायचे. विचारायचे फक्त हात खाली असलेल्यांना. मी हात वर करणाऱ्यांतला. सहावीत अख्खं वर्ष हात वर धरून दंड भरून आला, आणि एकदाही माझी पाळी आली नाही. तो राग मी चाळीस वर्षं सांभाळून ठेवला होता.

सुमित्राचा हात कधी वर गेलाच नाही. शेवटच्या बाकावर बसायची, तोंडातून ब्र काढायची नाही. घरच्यांनी हात टेकले होते. वार्षिक परीक्षा झाली की तिची शाळा बंद, हे गावाला माहीत होतं.

एक दिवस गुरुजींनी तिला उभं केलं. कौलांच्या फटींतून वर्गात कवडसे पडले होते.

“फटी वाकड्यातिकड्या आहेत,” गुरुजी म्हणाले. “मग कवडसे गोल का?”

ती गप्प. गुरुजीही गप्प. तासाची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तेवढीच शांतता. आम्ही खाकरलो, खिदळलो, मी तर दोन्ही हात वर केले. गुरुजी नुसते उभे.

तिसऱ्या दिवशी तास संपता संपता ती पुटपुटली, “सूर्य गोल आहे म्हणून.”

गुरुजी एकदम खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी ते तिच्या घरी गेले, आणि तिची शाळा सुटली नाही.

“सगळ्यांना मी दगड दिसत होते,” सुमित्रा म्हणाली. “तुम्ही आतला हिरा ओळखलात. मी जे काही आहे ते तुमच्यामुळे. एवढंच सांगणार आहे.”

“तसं सांगू नको, बाळ.”

“का?”

“खरं नाही ते.”

तिला तो विनय वाटला. मलाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या ऑफिसातून होता.

“हो, पत्र आजच द्या त्याला… नाही, आता पुन्हा विचार नाही. तीन वर्षं पुष्कळ झाली.”

तिनं फोन ठेवला.

“कुणाला पत्र?” गुरुजींनी विचारलं.

“सिद्राम म्हणून एक विद्यार्थी आहे. अक्कलकोटकडचा. माझ्याकडे पीएचडी करतो. आज त्याचं नाव कमी करतेय.”

“काय केलं त्यानं?”

“काहीच केलं नाही. तेच तर! कोपऱ्यात बसून असतो. विचारलं तर मान खाली घालतो. पोरगा गुणी आहे हो, पण पोचट आहे. आत काही नाही त्याच्या.”

गुरुजींचे हात थांबले.

“आत,” ते म्हणाले.

…

आंब्यावर कावळा येऊन बसला आणि उडून गेला. गुरुजींनी हातातली शेंग खाली ठेवली.

“त्याला काय विचारतेस?”

“दर सोमवारी विचारते.”

“ते नव्हे. काय विचारतेस?”

सुमित्रा अडखळली.

“…रिझल्ट आले का.”

“पहिल्या वर्षी?”

“तेच.”

“यंदा?”

“…तेच.”

गुरुजी पुढे वाकले. तिच्या मांडीवरचं सूप त्यांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. तिचे हात मोकळे झाले तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“दुसऱ्या दिशेनं विचारून बघितलंस का गं?”

सुमित्राचा चेहरा उतरला. मग लाल झाला. वीस वर्षं ती जे जगाला सांगत फिरली होती, ते म्हाताऱ्यानं पाच मिनिटांत शिकून तिच्याच पदरात घातलं होतं. मला हे सगळं जरा उशिरा उमगलं. तिला तिथंच उमगलं असावं, पण हार मानेल ती सुमित्रा कसली!

“गुरुजी, माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे.”

“नसेल,” गुरुजी म्हणाले. “शेंग तरी कुठं आहे?”

…

मग तिनं फोन उचलला.

“मी बोलतेय. ते पत्र थांबवा… दिलंत? मग परत घ्या. चूक माझी होती म्हणून सांगा… हो, माझी. आणि सोमवारी त्याला केबिनमध्ये बोलावू नका. मीच जाईन त्याच्या टेबलाशी.”

फोन ठेवून ती उठली आणि गुरुजींच्या पायांवर वाकली. इरकलीला टरफलं चिकटली, तिला त्याचं भान नव्हतं.

“इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीसाठी तुमचे आभार मानत होते,” ती म्हणाली. “ओळखलंत म्हणून. पण ओळखण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं.”

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मीही वाकलो. आम्हा हात वर करणाऱ्यांना त्यांनी कोरडं ठेवलं, असं मी समजत होतो. पण सहावीतल्या त्या मुक्या पोरीला बोलती होताना मी पहिल्या बाकावरून, फुकटात, डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं कुणाच्या वाट्याला येतं? चाळीस वर्षांचा राग त्या अंगणात कुठं गेला, कोण जाणे. बरं वाटलं.

पाच वाजायला आले होते. सुमित्रा निघायला उभी राहिली. पण तिचं पाऊल उचलेना.

“गुरुजी, एक विचारू? सिद्राम काय बोलेल, मला खरंच माहीत नाही. बोलेल की नाही, तेही माहीत नाही. भीती वाटते.” ती थांबली. “तुम्ही मात्र तीन दिवस उभे राहिलात. मी उत्तर देईन याची तुम्हाला खात्री होती ना?”

गुरुजी कोट झटकत उठले.

“खात्री असती,” ते म्हणाले, “तर विचारलं असतं कशाला?”