मेण घातलेला बाण

त्या दिवशी पहाटे आभाळ गच्च भरलेलं होतं. आश्विन लागला तरी ढग काही हटत नव्हते. गोदावरीवरून ओला वारा येत होता, आणि अंगणातल्या झाडांची पानं रात्रीच्या पाण्यानं अजून ठिबकत होती. अशा हवेत माणसं उन्हाची वाट बघतात. पोतन नगरात मात्र एक माणूस दारात उभा राहून पुन्हा पुन्हा पूर्वेकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, आजचा दिवस तरी ऊन पडू नये.

तो माणूस म्हणजे बोधिसत्त्व. फार मागे अस्सक देशात सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता, त्या वेळी बोधिसत्त्वांनी पोतन नगरात एका बाणकाराच्या घरी जन्म घेतला होता. बापाचा धंदा त्यांनी पुढे चालवला. लांब पल्ल्याचे बाण करावेत तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे.

लांब पल्ल्याचा बाण म्हणजे काय, ते आधी सांगतो. जवळच्या खुणेला कसलाही बाण चालतो. पण खूण जेव्हा इतकी लांब असते, की तिथला माणूस बाहुलीएवढा दिसतो, तेव्हा धनुर्धर एका बाणावर नेम धरत नाही. पहिला बाण अलीकडे पडतो, त्यावरून तो हात थोडा वर घेतो. दुसरा डावीकडे जातो, त्यावरून तो खांदा सावरतो. असं करत करत नेम लागतो. पण हे कधी होतं, तर जुडीतले सगळे बाण एकासारखे एक असले तर. एक जरी जड निघाला तर आधीच्या बाणांनी हाताला शिकवलेलं सगळं खोटं ठरतं. म्हणून बाणकार एकाच बेटातला बोरू कापतो, कांड्या सावलीत वाळवतो, पिसं एकाच पंखाची लावतो, आणि मग ताजव्यात एकेक बाण तोलतो. गुंजेचा फरकही चालत नाही. शेवटी तो बाण बोटावर आडवा धरून बघतो. ताजव्यात वजन कळतं, पण ते वजन कुठं बसलंय हे बोटावरच कळतं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. आदल्या दिवशी शरदोत्सवातल्या नेमबाजीची जुडी तयार झाली होती. राजाची माणसं संध्याकाळी येऊन ती मोहोर लावून नेणार होती. दुपारी बघतात तो एका बाणाच्या कांडीला बारीक तडा गेलेला. त्या बेटातली एकच कांडी शिल्लक होती, तीही हलकी. हलकी कांडी भरायची तर पोकळीत लाख ओततात. पण लाख फार तापवावी लागते, आणि ही कांडी तर दमट, तापली की चिरली असती. बोधिसत्त्वांनी मग लाखेऐवजी मेण घेतलं. बोटावर कांडीचा बरोबर मध्य शोधून तिथं पोकळीत मेण बसवलं. बाण ताजव्यात सारखा, बोटावरही सारखा.

त्यांची बायको शामा ताजवा धरून बसली होती. ती म्हणाली, "अहो, मेण तर पोरांच्या खेळण्यात घालतात."

"पंधरवडा झाला, ऊन दिसलं नाही. गारव्यात मेण दगडासारखं राहतं."

"आणि पडलं ऊन तर?"

तेवढ्यात राजाची माणसं आली. जुडी बांधली गेली, मोहोर लागली. नव्या बाणावर खूण करायचंही राहून गेलं. आता त्या जुडीतला तो बाण कोणता, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पण बाण चुकला तर मातीत पडेल, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर पोतनची एक रीत होती. खूण म्हणून मैदानाच्या टोकाला एक मडकं ठेवायचे, आणि ज्या कुंभारानं ते घडवलं त्यानं मडक्याच्या अगदी शेजारी उभं राहायचं. आडोसा घ्यायचा नाही, हलायचं नाही. मडकं फुटलं की त्यानं शेला उंच करायचा. शेजारी कुणी उभं नसेल तर मडकं फुटूनही ते फुटलं असं धरत नसत. नेम किती खरा आहे, ते कळावं म्हणून ही रीत. हा मान त्या वर्षीही पिंगळ कुंभाराचा होता, आणि पिंगळ बोधिसत्त्वांचा शेजारी. भिंतीला भिंत लागलेली.

दुसरीही एक रीत होती. जुडीची मोहोर फुटल्यावर ज्या बाणकारानं आपला बाण परत मागितला, त्याचा ताजवा तिथंच मोडायचा. पुन्हा त्या नगरात त्यानं बाण विकायचे नाहीत.

तर त्या सकाळी पिंगळ खांद्यावर मडकं घेऊन निघाला. अंगावर नवा शेला. बोधिसत्त्वांना दारात बघून थांबला.

"काय बाणकार, आभाळाकडे काय बघतोस? पंख फुटणार आहेत का?"

"पिंगळदादा, आज जरा लांब उभे राहा."

"का रे बाबा?"

"बाण ओल्या हवेतले आहेत. भरवसा नाही."

पिंगळ मोठ्यानं हसला. "बघा, बघा! तुझा बाण मोडला तर कुणी ढुंकून बघत नाही, आणि माझं मडकं फुटलं की सगळी नगरी नाचते. पोटात दुखतंय तुझ्या. घरी जा, ओवा खा." असं म्हणून तो डुलत डुलत निघून गेला.

बोधिसत्त्वांनी आपला ताजवा उचलला. उत्सवाला बाणकारानं ताजवा घेऊन यावा, असं होतं. वाटेत एकदा ढग विरळ झाले आणि पायाखाली सावली पडली. ते थांबले. मग सावली विरली, आणि ते पुढे चालले.

मैदान माणसांनी फुललं होतं. धनुर्धर रोहक धनुष्याला दोरी चढवत होता. हा रोहक तरुण होता. मडकं फुटलं तर राजा त्याला सेनेत घेणार होता, आणि बोधिसत्त्वांच्या घराला राजाचे बाणकार म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा मान मिळणार होता. दोघांचं नशीब एका दोरीवर होतं म्हणा ना.

बोधिसत्त्व त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "रोहका, जुडीत एक बाण मेणाचा आहे. ऊन लागलं तर मेण सरकेल. तू बाण वर उचलशील, तेव्हा ते शेपटाकडे येईल. मग तो कुठं जाईल, मी सांगू शकत नाही."

रोहकाचं तोंड उतरलं. "कोणता?"

"तेच कळत नाही."

"काका, मोहोर फुटली. आता बाण खाली ठेवला तर मी हरलो. आणि ऊन आहेच कुठं? गप्प बसा, पाया पडतो तुमच्या."

ढोल वाजले. पहिला बाण गेला, मडक्याच्या अलीकडे रुतला. लोक ओरडले. दुसरा गेला, तो थोडा पलीकडे. दोन्ही सरळ. बोधिसत्त्वांना वाटलं, या दोहोंतच तो असेल. गेला असेल, सुटलो असेन. माणसाचं मन असंच असतं, जे हवं ते आधी खरं मानतं.

आणि ऊन पडलं.

पंधरवडाभर अडवलेलं ऊन ते, साधं कसं असेल? गवतातून वाफ निघाली. रोहकाचा भाता उन्हात उभा होता. बोधिसत्त्वांनी ताजव्याच्या पितळी पारड्याला हात लावला, तर ते कोमट लागलं. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तर बोट टेकवेना. पलीकडे पिंगळ मडक्याशेजारी ताठ उभा होता, बाहुलीएवढा, त्याचा नवा शेला वाऱ्यावर हलत होता. रोहकानं तिसरा बाण काढला, दोरीला लावला.

त्यांना घर आठवलं, शामा आठवली. बाण सुटला नि सरळ गेला तर कुणाला काही कळणार नाही. नाही गेला तर? बापानं लहानपणी बाण बोटावर धरायला शिकवलं होतं. आता कशावर धरायचं? इथं कोणता ताजवा चालतो?

ते धावले. धनुर्धराच्या पुढ्यात जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडून म्हणाले, "थांबा! मी माझा बाण परत मागतो!"

ढोल थांबले.

राजानं विचारलं, "बाणकार, भान आहे ना? रीत ठाऊक आहे?"

"आहे, महाराज."

"कोणता बाण खोटा?"

"ते मला ठाऊक नाही, महाराज. एक मेणाचा आहे. तो उरलेल्यांत आहे, की आधीच गेला, हेही ठाऊक नाही."

लोकांत हसू पसरलं. राजानं उरलेले बाण आपल्या छत्राच्या सावलीत आणून त्यांच्यापुढे टाकायला लावले. बोधिसत्त्वांनी एकेक बाण बोटावर धरला. सगळे समतोल राहिले. एकही कलला नाही.

सेनापती म्हणाला, "महाराज, याला ऊन बाधलंय."

"सावलीत मेण घट्टच राहतं, उन्हात बाण वर उचलला की सरकतं," बोधिसत्त्व म्हणाले. "महाराज, मी खोटा ठरलो तर ठरू द्या. पण त्या माणसाला तिथून आणा. तो माझा शेजारी आहे."

राजा म्हणाला, "कुंभाराला आणा. आणि रोहका, बाण सगळे सोड. बघू."

पिंगळ यायला तयार होईना. माझं मडकं, माझा मान, म्हणून त्यानं जमिनीला पाय रोवले. शिपायांनी त्याला उचलूनच आणलं. तो शिव्या देत होता, आणि त्यातल्या बऱ्याचशा बोधिसत्त्वांनाच होत्या.

मग रोहकानं बाण सोडले. तिसरा सरळ गेला. चौथा सरळ गेला. एकेक करून सगळे सरळ गेले, आणि शेवटच्या बाणानं मडकं मधोमध फुटलं. पण शेजारी कुणी उभं नव्हतं, म्हणून ते फुटणं धरलं गेलं नाही. रोहकानं धनुष्य खाली टाकलं आणि मान खाली घालून तो निघून गेला.

शिपायांनी सगळे बाण गोळा करून आणले, कांड्या चिरल्या. शेवटच्या बाणात मेण सापडलं. बरोबर मध्यावर. जागचं हललंही नव्हतं. मग तर लोक पोट धरून हसले. रीतीप्रमाणे ताजव्याची दांडी मोडली गेली. बोधिसत्त्वांनी मोडके तुकडे गोळा केले आणि ते घरी निघाले. शामानं दारातून बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सांगितली, ती एका भिक्षूसाठी. उत्तिय नावाच्या त्या भिक्षूनं संघाच्या जेवणासाठी मांडव बांधला होता, आणि एका वाशाला जुनी दोरी लावली होती. जेवण अर्ध्यावर आलं असताना त्यानं उठून ते सांगितलं. पानं उचलावी लागली, सगळे उन्हात गेले, आणि मांडव काही पडला नाही. तेव्हापासून सोणक भिक्षू त्याला हसत होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, जो पडला नाही त्या मांडवाबद्दल हसू नका. आपलं काम कच्चं आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं ते पडायच्या आधीच सांगायचं असतं. पडल्यावर तर सगळेच सांगतात." मग ते म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे आजचा सोणक. राजा सुषेण म्हणजे हे जेवण देणारा गृहस्थ. शामा म्हणजे आज पत्रावळी मांडणारी उपासिका विमला. पिंगळ कुंभार म्हणजे त्या वाशाखाली बसलेले वृद्ध थेर. आणि बाणकार मीच होतो." जिथं आपण खोटे ठरू शकतो, तिथंही खरं बोलून माणूस वाचवणं, याला सत्यपारमिता म्हणतात.

आता एवढंच राहिलं, की त्या संध्याकाळी काय झालं. बोधिसत्त्व अंगणात बसले होते. ताजव्याचे तुकडे शेजारी होते. भिंतीपलीकडून पिंगळ आला. सकाळचा शेला अजून त्याच्या खांद्यावर होता. बोधिसत्त्वांना वाटलं, आता हा भांडेल. पण तो शेजारी बसला, आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"गड्या, कुणाला सांगू नकोस. इतकी वर्षं मी तिथं डोळे मिटूनच उभा राहायचो. मडकं फुटताना आज पहिल्यांदा बघितलं. फार छान फुटतं रे."