कुंडला आजीच्या तीन चोऱ्या

पूर्वी वाराणसीत एक धर्मशील राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे हिमालयाची पहिली चढण सुरू होते तिथल्या देवकोट गावात, बोधिसत्त्व एका दंडधराच्या घरी जन्माला आला. दंडधर म्हणजे गावाने ठरवलेली शिक्षा प्रत्यक्ष हाताने देणारा माणूस. असले काम कुणी हौसेने मागून घेत नाही. पण त्या घराण्यात ते सात पिढ्या चालत आले होते, आणि बोधिसत्त्वालाही ते चुकले नाही.

देवकोटात फटके चाबकाचे नसत, खाजोटीचे असत. ओढ्याकाठी देवीच्या ठाण्यामागे दगडी कुंपण घातलेले खाजोटीचे रान होते. ही खाजोटी पुरुषभर उंच वाढते. पान दिसायला गरीब, कातरलेल्या काठाचे. पण त्यावरची बारीक लव कातडीला नुसती लागली तरी निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि गांधी उठतात. गावाची अशी समजूत होती की खाजोटी देवीची आहे, अपराध्याचे पाप ती ओढून घेते, आणि निरपराध माणसाने तिला हात लावला तर देवी कोपून गावावर दरड लोटते. म्हणून कुंपणाच्या आत फक्त दंडधराने जायचे. ज्या अवयवाने अपराध केला त्याच अवयवावर सात फटके द्यायचे. दुसऱ्याच्या कुरणात शिरणाऱ्याच्या पायांवर, चोरी करणाऱ्याच्या हातांवर. आणि कुणी तिसऱ्यांदा चोरी केली तर फटक्यांनंतर आठ दिवसांनी त्याला खिंडीपलीकडे हाकलून द्यायचे. तिथून परत आलेला कुणी कुणाला आठवत नव्हता.

सुगी झाली की घरटी एक सूप धान्य दंडधराच्या दारात येई. आणणारा मात्र उंबऱ्याबाहेरच सूप ओतून पाय लावून पळे. बोधिसत्त्वाला याचे वाईट वाटे.

त्याच्या घरात एक गुपित होते. खाजोटीचे कोवळे शेंडे उकळले की त्यांची आग मरते आणि चाकवतासारखी मऊ भाजी होते. दुष्काळात सारे गाव कंदमुळे शोधीत फिरे तेव्हा दंडधराच्या चुलीवर ही भाजी रटरटत असे. वाळलेला पाला त्यांच्या गाईला आवडे. देठांची साल भिजवून, राखेच्या पाण्यात शिजवून, तिचा असा चिवट दोर वळता येई की भिजला तरी कुजत नसे. गावाच्या झुलत्या पुलाचे दोर आणि घरोघरच्या पाळण्यांच्या दोऱ्या त्यांच्याकडूनच जात. कशाचे दोर म्हणून कुणी विचारले तर रानवेलीचे म्हणून सांगायचे. आणखी एक गोष्ट होती. भाजीसाठी, दोरांसाठी जन्मभर उघड्या हातांनी खाजोटी खुडणाऱ्या या घराण्यात म्हातारपणी कुणाची बोटे आखडत नसत. बोधिसत्त्वाचा बाप ऐंशीव्या वर्षी दोर वळत होता. मरताना त्याने मुलाला जवळ बोलावले.

"लोक खाजोटीला भितात तोवर आपल्या दारात सूप रितं होतं," तो म्हणाला. "भीती गेली की आपणही गेलो. कुणाला सांगू नकोस."

बोधिसत्त्वाने मान हलवली. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही.

आता गावात कुंडला आजी नावाची एक सुईण होती. अर्धे गाव तिच्या हातांत जन्मले होते, बोधिसत्त्वसुद्धा. एकटी राहायची, तोंडाने तिखट, पण कुणाच्या दारातले वाळवणसुद्धा न विचारता उचलणार नाही अशी. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजले आणि हळूहळू बोटे मिटेनाशी झाली. एका बाळंतपणात तिच्या हातून बाळ निसटता निसटता राहिले. त्यानंतर तिने कुणाच्या घरी जायचेच सोडून दिले. दुसरी सुईण दोन डोंगर ओलांडून होती.

अशी ही कुंडला आजी एके दिवशी भर दुपारी ग्रामणीच्या, म्हणजे गावाच्या मुख्याच्या, घरात शिरली आणि तांब्याची पळी घेऊन त्याच्याच पायरीवर येऊन बसली. पळून जाणे तर दूरच, दोन बायका समोरून गेल्या तेव्हा तिने पळी वर करून दाखवली. ग्रामणीचे नाव सुरथ. माणूस नियमाचा पक्का होता. त्याला संकोच वाटला, पण चोरी ती चोरी. त्याने सात फटके सांगितले.

ज्या हातांनी आपल्याला जगात आणले त्यांवर खाजोटी कशी उगारायची, हे बोधिसत्त्वाला कळेना. त्याने रिवाजाप्रमाणे मेंढीच्या कातड्याच्या पिशव्या हातांवर चढवल्या, जुडी घेतली आणि पहिला फटका इतका हलका दिला की पाने जेमतेम टेकली.

"जेवला नाहीस का रे आज?" कुंडला आजी म्हणाली. "नीट मार. बोटांच्या पेरांवर मार."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. बोधिसत्त्वाने नीट मारले. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, हात लाल झाले, पण तिने ते मागे घेतले नाहीत. मग ओढ्याची ओली माती हातांना थापून ती घरी गेली.

पंधरा दिवसांनी ती एका बाळंतिणीच्या घरी दिसली. महिन्याभरात तिने तीन बाळंतपणे पार पाडली. पावसाळा सरता सरता बोटे पुन्हा आखडू लागली, आणि कुंडला आजीने ग्रामणीचीच कोंबडी काखोटीला मारली. पुन्हा पायरी, पुन्हा सात फटके. कोंबडी तिने संध्याकाळी स्वतःच परत नेऊन सोडली. गाव म्हणाले, म्हातारीला चळ लागला आहे. बोधिसत्त्वाला मात्र बापाची ऐंशीव्या वर्षीची बोटे आठवली आणि जेवण गोड लागेना.

हेमंतात, खिंडीत बर्फ साचायला थोडेच दिवस राहिले असताना, कुंडला आजीने तिसरी चोरी केली. ग्रामणीच्या ओसरीवरची लोकरीची घोंगडी घेतली आणि पायरीवर येऊन बसली. या वेळी कुणाला हसू आले नाही. तिसरी चोरी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. ग्रामणीने खाली मान घालून सांगितले की उद्या सकाळी सभा भरेल.

बोधिसत्त्व तडक तिच्या झोपडीत गेला. ती चुलीपुढे बसून लाकूड चुलीत सारत होती, दोन्ही तळहातांनी, कारण बोटांत ते धरता येत नव्हते. त्याने विचारले की हे काय चालवले आहेस. आधी तिने उडवाउडवी केली. मग म्हणाली, "दार लाव."

तिने सांगितले ते असे. शिक्षा झालेल्यांच्या अंगाला माती थापायला तीच जात असे. कुरणात शिरलेल्या एका लंगड्या मेंढपाळाच्या पायांवर फटके पडले आणि पुढच्या महिन्यात तो चढण चढताना तिला दिसला. तेव्हा तिच्या ध्यानात आले की देवी पाप ओढून घेते तेव्हा दुखणेही बरोबर ओढून नेते. पण ओढायला पाप तर हवे. म्हणून हातांनी होईल असा लहानात लहान अपराध तिने शोधला, आणि ज्या घराला पळीवाचून काही अडणार नाही असे घर निवडले.

"दोनदा झालं होतं," बोधिसत्त्व म्हणाला. "तिसऱ्यांदा का? आजी, तुला खिंडीपलीकडे जावं लागेल. या वयात, बर्फात."

"रेवती," ती म्हणाली. रेवती ही ग्रामणीची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. "परवा तिच्या पोटावर तळहात फिरवले. पोर आडवं आहे रे. ते फिरवायला बोटं लागतात. फटक्यांनंतर आठ दिवस मिळतात ना मला? तिचे दिवस तेवढ्यातच भरतात. पोर बाहेर काढते, मग जाते. सत्तर वर्षं जगले, पुष्कळ झालं. तिने अजून काय पाहिलं आहे?"

तिने तीन चोऱ्या केल्या होत्या, पण त्या खऱ्या कुणाच्या होत्या हे बोधिसत्त्वाला लख्ख दिसले. त्याच्या घराने एक ज्ञान सात पिढ्या मुठीत दाबून धरले, म्हणून गावातल्या सर्वांत प्रामाणिक बाईला चोर व्हावे लागले. तो घरी आला आणि त्याने चुलीवर भांडे चढवले.

सकाळी देवीच्या ठाण्यापुढे गाव जमले. बोधिसत्त्व आला तो खाजोटीची जुडी, एक वाडगा आणि दोराचे वेटोळे घेऊन. त्याने वाडगा खाली ठेवला, त्यातली हिरवी भाजी सगळ्यांदेखत खाल्ली आणि ती कशाची आहे ते सांगितले. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग त्याने दोर उचलला.

"हाही खाजोटीचाच आहे," तो म्हणाला. "तुमच्या पुलाचे दोर याचेच. तुमच्या पाळण्यांच्या दोऱ्या याच्याच. सात पिढ्या या गावातलं प्रत्येक निष्पाप मूल खाजोटीखाली झोपलं आहे. दरड आली का कधी?"

त्याने पुढे सांगितले की खाजोटी पाप ओढत नाही, आखडलेल्या सांध्यांना ऊब देते, आणि हे त्याच्या घराला माहीत असूनही त्यांनी लपवले. कुंडला आजीच्या चोऱ्या का झाल्या, तेही सांगितले. रेवतीचे नाव निघाले तेव्हा सुरथचा चेहरा पांढरा पडला.

"तू हे उघड केलंस," तो म्हणाला. "आता खाजोटीला कोण भिणार? तुझ्या दारात सूप कोण ओतणार?"

"ओतू नका," बोधिसत्त्व म्हणाला.

सुरथ म्हणाला की नियम तरीही नियम आहे. तीन चोऱ्या झाल्या, कुणीतरी खिंड ओलांडलीच पाहिजे. आज ती बाई भली म्हणून सोडली तर उद्या प्रत्येक चोर भला निघेल.

"तर मग त्या तिन्ही माझ्या नावावर धरा. मी लपवलं म्हणून तिने चोरलं. खिंड मी ओलांडतो."

सुरथ नियमाचा पक्का होता, पण बापही होता. त्याने मान डोलावली आणि पुन्हा वर पाहिले नाही.

जाण्याआधी बोधिसत्त्वाने कुंडला आजीला कुंपणाच्या आत नेले. कोणते शेंडे खुडायचे, फुलावर आलेले का टाळायचे, फुटलेल्या कातडीवर आणि लहान मुलांना का लावायचे नाही, सारे दाखवले. मग ती हात पुढे करून उभी राहिली, पण तिची मुद्रा कावरीबावरी होती.

"आता मी चोर नाही ना रे," ती म्हणाली. "मग गुण येईल का?"

"खाजोटीला पाप कळत नाही, आजी. तिला फक्त कातडी कळते."

त्याने तिच्या पेरापेरांवर जुडी टेकवली, ओली माती थापली, कातडी पिशव्या तिच्या खांद्यावर टाकल्या आणि तिच्या पाया पडून निघाला. पुलापाशी लोक दुरून उभे होते. रोजच्या वहिवाटीचा पूल, पण त्या दिवशी दोराला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. बोधिसत्त्व दोन्ही हातांनी दोर धरून सावकाश पलीकडे गेला, उद्या त्यांनीही धरावा म्हणून. वर खिंडीत बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.

सहाव्या दिवशी रेवतीच्या पोटात कळा आल्या. कुंडला आजीने आपली लाल, सैल झालेली बोटे तेलात बुडवली आणि आडवे पोर हळूहळू फिरवून सरळ केले. मुलगी झाली. आई वाचली. आजी अंगणात येऊन हमसून हमसून रडली, आणि मग कुणी विचारायच्या आत रेवतीसाठी पेज टाकायला गेली.

तो हिवाळा सुरथने नातीच्या पाळण्याजवळ काढला. दोरी ओढताना दरवेळी त्याला आठवे की ती कशाची आहे आणि वळणारा कुठे आहे. बर्फ वितळताच त्याने काठी घेतली. त्याचे गुडघे बरीच वर्षे धरलेले होते. लोक म्हणाले की कुणाला तरी पाठवा, तर तो म्हणाला की मान मी डोलावली होती, पायही माझेच हवेत. दोन दिवसांची वाट त्याला पाच दिवस लागली.

खिंडीपलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीत बोधिसत्त्व चार म्हाताऱ्यांना तिथल्या खाजोटीचे दोर वळायला शिकवीत बसला होता. हिवाळ्याने तो वाळला होता, पण हसतमुख होता. सुरथ समोर येऊन धपकन खाली बसला. त्याने क्षमा मागितली. घरी चल म्हणाला. नातीचे नाव अजून ठेवलेले नाही, कुंडला आजी अडून बसली आहे, तू आल्यावरच ठेवीन म्हणते. अपराध्यांना यापुढे फटक्यांऐवजी पुलाचे दोर वळायला लावू, हेही त्याने सांगितले. मग थोडा घुटमळला, आणि धोतर वर सारून दोन्ही सुजलेले गुडघे त्याने पुढे केले.

"यांनी मी कधी कुणाच्या कुरणात शिरलो नाही," तो संकोचून म्हणाला.

बोधिसत्त्व हसला आणि खाजोटी आणायला उठला.

"आता शिरावं लागत नाही," तो म्हणाला.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: एका विहारात रक्षित नावाच्या भिक्षूला जखमेवरचा एक लेप ठाऊक होता, आणि आपला मान राहावा म्हणून तो कुणाला शिकवीत नव्हता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा भिक्षू कण्हत होता. त्या वेळी शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, ही कथा सांगितली आणि म्हटले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुरथ म्हणजे आज या आजाऱ्यासाठी दोन योजने चालत येऊन मला बोलावणारा उपासक धनंद. कुंडला आजी म्हणजे भिक्षुणींची शुश्रूषा करणारी वृद्ध चित्रा. 'कुणाला सांगू नकोस' म्हणणारा बाप हा रक्षित होता, आणि त्याचा मुलगा मी होतो. त्या जन्मी मी बापाचा शब्द मोडला, पण करुणेचा मोडला नाही. जे दुसऱ्याचे दुखणे हलके करील ते मुठीत ठेवू नये."

रक्षित उठला, खाटेजवळ जाऊन बसला, आणि लेप कालवता कालवता त्यात काय काय घालायचे ते मोठ्याने सांगू लागला.