आकारामची डावी बाजू

“आणि तिसऱ्यांदा भरलं, तर?”

डॉक्टर हेरवाडकरांनी शेंगा फोडता फोडता विचारलं.

“तर तिसऱ्यांदा उघडू, सर!” अभिनंदन मगदूम ताडकन म्हणाला. “पण ती वेळच येणार नाही. उद्या सकाळी नऊला टेबलावर घेतोय. अशी वाट मोकळी करतो, की पू साचायला जागाच उरणार नाही.”

अभिनंदन नाक-कान-घशाचा डॉक्टर. हात सोन्याचा, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. हेरवाडकरसरांच्या हाताखाली शिकला. सर आता निवृत्त होऊन कोल्हापुरात घरीच असत. अभिनंदन काही सल्ला मागायला आला नव्हता. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला आला होता.

पेशंटला सोबत आणावं लागलं, कारण पेशंट अडून बसला होता. ‘थोरलं डाक्टर हो म्हनलं, तरच नाक परत उघडून देनार,’ म्हणाला.

पेशंट म्हणजे आकाराम चौगले. गुऱ्हाळावरचा गुळव्या. उसाचा रस रटरटायला लागला, की काहील चुलाणावरून कधी उतरवायची हे वासावर सांगणारा माणूस. तीन वर्षांपासून त्याचा डावा गाल जड, डावी नाकपुडी बंद, आणि नाकात सदा कुजका वास. गोळ्या झाल्या, फवारे झाले, एक ऑपरेशन झालं. सहा महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गेल्या हंगामात त्याच्या हातून दोन काहिली करपल्या. दिवाळीला गुऱ्हाळ पेटायचं होतं, मध्ये तीन महिने होते. मालकानं सांगून टाकलं होतं, औंदा नाक चाललं नाही तर दुसरा गुळव्या बघतो.

“हे बघा, सर!” अभिनंदननं स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. “गालाच्या हाडातली डावी पोकळी. हवेनं काळी दिसायला हवी, तर ही भरलेली, पांढरीफटक!”

सरांनी मान वर केली नाही.

“आधी गूळ-शेंगा घ्या. आकाराम, बघा बरं, गूळ कसा आहे?”

आकारामनं खडा तोंडात टाकला आणि उजव्या बाजूनं चावला.

“ग्वाड हाय, सायेब. वासाचं म्हनशीला तर…” त्यानं मान खाली घातली. “माझा जलम गुळात गेला. आन् आता गुळाचा वास बी कुजल्यावानी येतोय.”

सर त्याच्याकडे बघत राहिले.

इकडे अभिनंदनचं चालूच होतं. नवी दुर्बीण, नवं हत्यार, वाट किती रुंद करायची. बोलताना त्याचे डोळे चमकत होते.



सर उठले, आकारामच्या शेजारी येऊन बसले आणि गुळाचा दुसरा खडा त्याच्या हातावर ठेवला.

“हा डाव्या बाजूनं चावा.”

आकारामचा हात तोंडापाशी जाऊन थांबला.

“डाव्या?”

“हं.”

“त्या अंगानं मी चावत न्हाई, सायेब.”

“कधीपासून?”

“वरच्या दाढंवर टोपी बसीवली तवापासनं. चार वरसं झाली आसतील.”

“दुखते?”

“दुखत न्हाई. उगं जड लागती. नको वाटतंय.”

“यांना सांगितलंत कधी?”

आकारामनं ओशाळून अभिनंदनकडे पाहिलं. “ते नाकाचं डाक्टर हायत न्हवं! त्यास्नी दाढंचं कसं सांगायचं?”



अभिनंदननं फिल्म पुन्हा काचेवर धरली. ही फिल्म त्यानं चाळीस वेळा तरी पाहिली असेल. दर वेळी बोट त्या पांढऱ्या पोकळीपाशी येऊन थांबलं होतं. आज ते आणखी बोटभर खाली सरकलं.

दाढेच्या मुळाभोवती काळं कडं. त्याच्यावर पोकळीचा तळ, पातळ, एका जागी तुटलेला.

“सर!” तो ओरडलाच. “मूळ! दाढेचं मूळ सडलंय, सर! पू तिथून वर चढतोय! आग रामेश्वरी, आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी उभा! तीन वर्षं, सर!”

शरमेनं त्याचे कान तापले होते आणि आनंदानं पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यानं आकारामचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. आकाराम बिचारा हातातला गूळ सांभाळत बसला. मग अभिनंदननं दवाखान्यात फोन लावला, उद्याचं ऑपरेशन रद्द. लगेच दुसरा फोन दातांच्या डॉक्टरांना. “आज! नाही, उद्या नाही, आजच बघा!”

“सबुरीनं,” सर म्हणाले. “आधी दाढेचा बंदोबस्त. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुवायचं. मग दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं. तरी भरलेलंच राहिलं, तर तुझा हात आहेच.”

“आन् वास, सायेब?” आकारामनं घाबरत विचारलं. “दिवाळीपातुर यील?”

“येईलच असं म्हणत नाही. पण आता आशा आहे.”

“आशा म्हनलासा, बास झालं.” त्यानं डोळे पुसले.

अभिनंदन सरांच्या पायाशी बसला. शाबासकीचं तो पार विसरून गेला होता.

“सर, खरं सांगा. हा माणूस दारातून आत आला, तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं ना?”

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“नाही रे… ठाऊक असतं, तर मीही फिल्मच बघत बसलो असतो, यांना काही विचारलंच नसतं.”