झुंबर भोयाचं वल्हं

नदीला पूल नव्हता आणि पलीकडे जायला एकच नाव होती, तेव्हाची गोष्ट. कळंबथडीची ती नाव झुंबर भोई चालवायचा. वल्ह्याच्या चार फटक्यांत तो नदी पार करायचा, असं म्हणतात.

झुंबरला सात लेकरं. सातव्या खेपेला त्याची बायको साळू मरता मरता वाचली. पलीकडच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "आता आठवं राहिलं तर बाई हाती लागायची नाही."

झुंबर म्हणाला, "तिनं सात वेळा सोसलं. आता काय कापायचं ते माझं कापा."

नसबंदी करून तो परत आला आणि गावात बोभाटा झाला. नस कापली की गड्याचं बळ जातं, अशी तिथल्या गड्यांची पक्की समजूत. त्याच्या नावेत कुणी बसेना. लोक तीन कोस वळसा घालून उथळ पाण्यातून जाऊ लागले. झुंबरची चूल थंडावली. पाटलाचा भाऊ दगडूनाना पारावरून ओरडायचा, "झुंबऱ्या, वल्हं साळूला दे, तू भाकरी थाप!"

"थापतो की, नाना. जेवायला या."

वैशाखात दगडूनानाच्या लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाड पलीकडच्या काठावर आलं आणि वर डोंगरात वळीव कोसळला. नदी फुगली. वळशाची वाट बुडाली. नाना धावत घाटावर आला.

"झुंबरराव, मुहूर्त टळतोय!"

"काल झुंबऱ्या होतो, नाना," म्हणत त्यानं नाव सोडली.

चाळीस वऱ्हाडी, वाजंत्री आणि नवरदेवाची घोडी, सगळं त्यानं एका खेपेत आणलं. दोन्ही बाजूंना पाणी भिंतीसारखं उभं राहिलं आणि मधून नाव गेली, असं म्हणतात. माझा बाप त्या नावेत होता. ताशाला थेंब लागला नाही, असं तो सांगायचा.

उतरताना नवरदेवाच्या मामानं हळूच विचारलं, "फार दुखतं का रे?"

"लेकरं किती?"

"आठ."

"मग बायकोला विचार, आठ वेळा किती दुखलं."

पुढच्या बाजारी नावेत अकरा गडी बसले. सगळे दवाखान्याला. पलीकडच्या काठावर मामा त्यांची वाट बघत उभा होता. साळू नव्वदीपर्यंत जगली आणि पणतवंडांना रागे भरत राहिली.

आजही कळंबथडीचा नवरदेव लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीला नावेत बसवतो आणि स्वतः वल्हवतो. दोघं पलीकडच्या दवाखान्यात जातात. लेकरं कधी, किती, काय उपाय, सगळं विचारून घेतात. परतल्यावर घाटावर त्यांना गूळ देतात. काय ठरलं, हे मात्र कुणी विचारत नाही. सासूसुद्धा नाही. झुंबरची आण आहे.