मापासाठी उभी असलेली व्यक्ती

“मी मूर्ख आहे, हे मला मान्यच आहे सर. पण इतकी असेन असं वाटलं नव्हतं... स्वतःचा फोटो बघून ‘कोण आहे ही, मला माहीत नाही’ असं कुणी म्हणतं का?”

मुजावर सर अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला म्हणालीस?”

“पोरांना. भर वर्गात.”

“त्यांना कळलं का, कोण ती?”

“नाही.”

“मग वाचलीस की.” सरांनी तिच्या हातावर मूठभर दाणे ठेवले. “खा.”

वृषाली तेंडोलकर म्हणजे विद्यापीठात यंदाच निघालेल्या पर्यावरण आणि भूविज्ञान या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रमुख. वय चाळिशीच्या पलीकडे, उंची पाच फूट, आणि वाट्याला आलेली खुर्ची अशी, की बसल्यावर पाय जमिनीला टेकत नसत. दुसरी खुर्ची मागायची लाज वाटायची. मग टेबलाखाली जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवून, त्यावर पाय टेकवून बाई विभाग चालवायच्या.

मुजावर सर तिचे गुरू. जन्मभर कडे आणि खाणी पालथ्या घातल्या, आणि लिहिलं ते एकच पुस्तक, खडकांचं. नव्या अभ्यासक्रमाला तेच लावलं होतं, आणि त्याची नवी आवृत्ती आता छापायला जायची होती.

पुस्तकात फोटो भरपूर. आता खडकाचा फोटो काढायचा, तर शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवायचं, असा या लोकांचा रिवाज. नाहीतर बघणाऱ्याला कळत नाही, दगड सुपारीएवढा की हत्तीएवढा. छोट्या दगडाला रुपयाचं नाणं. त्याहून मोठ्याला हातोडी. आणि अख्खा कडाच समोर असला, की सर मुलांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, “वृषाली, जा गं. उभी राहा.”

बरोबर पाच फूट. हिशेबाला सोपी.

उभं राहायचं तेही कॅमेऱ्याकडे पाठ करून. तोंड दिसलं की लोक तोंड बघतात, खडक कोण बघतो?

तर अशी ती पुस्तकात जागोजागी होती. सगळीकडे पाठमोरी, एक वेणी, आणि खाली एक ओळ : मापासाठी व्यक्ती उभी आहे.

“त्या पुस्तकात हातोडीलासुद्धा नाव आहे सर. ‘भूवैज्ञानिकाची हातोडी.’ आणि मी नुसती व्यक्ती!”

“हातोडी परदेशी होती.”

वृषालीने दाणे तोंडात टाकले. रागात खाल्लं तरी दाणे गोडच लागत होते.

“झालं काय, ते तरी ऐका. परवा वर्गात पृथ्वीचं वय शिकवलं. मी आपली रंगात आलेली... तेजल म्हणून एक मुलगी आहे, हुशार आहे. ती म्हणाली, मॅडम, एवढ्या कोटी वर्षांत आपण कुठे येतो? मी म्हटलं, कुठेच नाही. चुटकी वाजायच्या आत आपला कारभार आटोपतो. मला वाटलं, काय भारी बोलले मी!”

“मग?”

“मग तिने तुमचं पुस्तक उघडलं आणि त्या घाटातल्या कड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, आपण कुठेच नाही, तर मग ही बुटकी बाई इथे काय करतेय?”

सरांचे हात थांबले. पहिल्यांदाच.

“माझी बोबडीच वळली, सर. म्हटलं, माहीत नाही गं कोण आहे... आणि आता ती म्हणते, आपण कुठेच नसू, तर मी कॉमर्सला जाते. सोमवारी नाव काढून घेणार आहे. तिला मी काय सांगू?”

“काय सांगावंसं वाटतं?”

वृषालीने पदर सावरला. हे तिने येताना रिक्षात घोकून ठेवलं होतं.

“नव्या आवृत्तीत माझा फोटो नवीन घ्या. समोरून. खाली नाव घाला, पदासकट. मग मी ताठ मानेने सांगेन, ही बाई कुणी अशीतशी नाही. ही मी आहे.”

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“उद्या सकाळी घाटात ये,” ते म्हणाले.

ती आली. ठेवणीतलं इरकल नेसून, केस बांधून, ओठांना जरासा रंग लावून, आणि पायांत टाचेच्या चपला. गाडीतून उतरल्यापासून कड्यापर्यंत ती बदकासारखी चालली, पण चालली.

कडा होता तसाच होता. काळा खडक, मध्ये तांबड्या मातीचा थर, वर पुन्हा काळा खडक. सर गळ्यात छोटा कॅमेरा अडकवून उभे होते.

“तू इथेच थांब,” ते म्हणाले आणि त्यांनी नुसत्या कड्याचा फोटो काढला. “बघ. काय दिसतं?”

वृषालीने डोळे बारीक केले. “हे... कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत वाटतेय.”

“आता तू ये. हास.”

सर अगदी जवळ आले. तिने हनुवटी वर केली, हसली. सरांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला.

“काय दिसतं?”

“मी.”

“आणि?”

“मागे काहीतरी काळं काळं आहे.”

“स्थळाला पाठवायला चांगला आहे.”

“सर! मुलगी कॉलेजात आहे माझी!”

“मग नको.”

त्यांनी हाताने कड्याचा पायथा दाखवला. वृषालीला हसूही येत होतं आणि रागही. ती पायथ्याशी जाऊन उभी राहिली, तोंड मात्र कॅमेऱ्याकडेच ठेवून. एवढं तरी आपलं चालू द्यावं.

लांबून सर ओरडले, “चपला काढ!”

“का? देऊळ आहे का हे?”

“तू वाढलीस की कडा बुटका होतो!”

...

तिने चपला काढून दगडावर ठेवल्या. पायाखाली खडी टोचली, मग गार लागली. समोर सर ठिपक्याएवढे, कॅमेरा डोळ्याला लावून थांबलेले. वळ म्हणेनात, हास म्हणेनात.

दरीतून वारा आला. ओठांचा रंग कधीच पुसला गेला होता.

मग तिची तीच वळली.

नाकासमोर तांबडा थर होता. इथे ती किती वेळा उभी राहिली होती! दर वेळी मनात एकच : काढा की हो लवकर, मान अवघडली. आज घाई नव्हती. तिने बोट लावलं, बोट लाल झालं. वर्गात ती हे धडाधडा सांगायची, खालचा लाव्हा निवला, त्याची माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि माती भाजून निघाली, लिहून घ्या. आता तिच्या मनात आलं, म्हणजे दोन आगींच्या मध्ये इतका निवांत वेळ गेला इथे, की दगडाची माती झाली.

तिला फार बरं वाटलं. का, ते सांगता आलं नसतं. नाव, पद, सोमवार, सगळं कुठच्या कुठे गेलं. एवढा थोरला कडा, आणि त्याच्यापुढे आपण अनवाणी... तिचे खांदे सैल झाले, मान आपोआप खाली झुकली.

“सर,” ती कड्याकडे तोंड करूनच मोठ्याने म्हणाली, “कळलं मला. तेजलला मी बरोबरच सांगितलं होतं. आपण म्हणजे खरंच काही नाही.”



...

“पाच फूट आहेस,” सर लांबूनच ओरडले. “वाकू नको, माप चुकतं.”