हाताची घडी न घातलेली बालवाडी

विषय: बालवाडीतील मुले खेळात कितपत रमतात, याचे निरीक्षण करण्याबाबत.
संदर्भ: महाराजांचा तोंडी हुकूम.

एका गावात एक बालवाडी होती. राजवाड्याने दिलेल्या एका खोलीत ती भरे. सगुणाबाई तिथे मुलांना खेळवत.

राज्यातली मुले खेळात रमतात की नाही ते पाहावे, असे एकदा महाराजांच्या मनात आले. महाराजांच्या मनात आले की दिवाणजींना निघावे लागे. जिथे मुले रमत नाहीत तिथली खोली काढून घ्यायची, असेही ठरले.

दिवाणजी गावोगाव फिरले. पालखी दिसली की मुले हाताची घडी घालत, तोंडावर बोट ठेवत आणि दिवाणजी जाईपर्यंत तशीच बसत. दिवाणजी प्रसन्न होऊन 'मुले पूर्ण रमली आहेत' असा शेरा मारत. पुतळ्यांच्या कारखान्यात गेले असते, तरी त्यांनी हाच शेरा मारला असता.

पालखी सगुणाबाईंच्या गावच्या वेशीवर आली तसे गावचे पाटील धावत बालवाडीत आले.

"बाई, तेवढं हाताची घडी, तोंडावर बोट करा. घटकाभराचा तर प्रश्न आहे."

"ते मुलं खेळताना बघायला आलेत ना?"

"हो."

"मग बघू देत की."

"खोली जाईल, बाई!"

"जाऊ दे. खोलीसाठी मी पोरांचा खेळ मोडणार नाही."

दिवाणजी आत आले. कोणी उठले नाही. एक जण लोट्यातले पाणी वाटीत ओतत होता. बरेचसे जमिनीवर जात होते. दोघी जणी बाहुलीला ताप आहे की नाही यावरून भांडत होत्या. चार वर्षांची तानी मातीच्या भाकरी थापत होती.

"काय गं, आम्ही कोण ते ठाऊक आहे का?" दिवाणजींनी तिला विचारले.

"आजोबा, पाय उचला. भाकरीवर उभे आहात."

दिवाणजींनी पाय उचलला. मग आपण पाय उचलला हे ध्यानात येऊन ते रागावले.

"ह्याला बालवाडी म्हणतात?"

"मुलं रमलीत का, एवढंच सांगा," सगुणाबाई म्हणाल्या.

"इतकी रमलीत, की आम्ही आल्याचं कोणाला भानच नाही!"

"मग तेच लिहा."

दिवाणजींनी 'शिस्त नाही' असे लिहिले. संध्याकाळी खोलीला कुलूप लागले.

दुसऱ्या दिवशी पाटील म्हणाले, "माफी मागा बाई, कुलूप निघेल."

"कशाची माफी? मुलं खेळली याची?"

बाईंनी त्याच खोलीच्या ओट्यावर बालवाडी भरवली आणि कुलूप काढण्यासाठी अर्ज केला. मुले रमली होती हे दिवाणजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे, एवढेच त्यात लिहिले.

सदर अर्ज अभिप्रायासाठी दिवाणजींकडेच पाठवण्यात आला असून अद्याप विचाराधीन आहे. ओट्यावरची बालवाडी रोज भरते.

तात्पर्य: पाहायला कोणीही येवो, मुलांनी खेळ थांबवू नये, आणि थांबवायला सांगितले, तर मोठ्यांनी ते ऐकू नये.